ऐकायचा कॅम, ओढायचा कॅम

जुनी शेव्हरोले सी-10 पिकअप सिग्नलला उभी आहे. आयडलिंग एका लयीत नाही: दोन ठोके नीट पडतात, तिसरा हुकतो, चौथा जोरात पडतो, बॉनेट किंचित डुलतं, सायलेन्सरमधून फुरफुर येते. हा आवाज एकदा कानात बसला की माणसाला कॅमशाफ्टबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याबद्दल, शहाणपणाचे चार शब्द सांगून उपयोग नसतो. इंजिन उतरवायच्या आधीच त्याचा कॅम ठरलेला असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा ठरलेला असतो. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात, तसं इथे आहे. सिग्नलला छान वाटणारा कॅम चढावर भरलेला ट्रक ओढत नाही.

हे लिहिताना समोर आहे ती 1967 ते 1972 या पिढीची पिकअप आणि तिच्यातलं 350 घनइंचांचं स्मॉल ब्लॉक व्ही-8. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 4 इंच; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 3.48 इंच. हे घराणं 1955 साली 265 घनइंचांपासून सुरू झालं. 350 आलं 1967 मध्ये कॅमेरो गाडीत, आणि 1969 पासून ते पिकअपमध्ये मिळू लागलं. अमेरिकेत जुन्या ट्रकची हौस असणाऱ्यांच्या गॅरेजात हेच इंजिन सर्वात जास्त वेळा स्टँडवर चढतं, कारण त्याचा प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. (शेव्हरोले हे नाव मुंबईला जुनंच. 1928 पासून शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना होता, 1954 पर्यंत. हे व्ही-8 मात्र त्यानंतरचं.)

सगळी मापं इंचात येणार. इंचाच्या हजाराव्या भागाला आपल्याकडे लेथवर काम करणारे 'थाऊ' म्हणतात, तोच शब्द वापरतो.

कॅमशाफ्ट म्हणजे ब्लॉकच्या पोटातला सोळा लोबांचा दांडा. क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. लोब म्हणजे त्यावरचा उंचवटा. तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, रॉकर व्हॉल्व्हला. रॉकरचं प्रमाण 1.5, म्हणजे लोबाने 283 थाऊ उचललं तर व्हॉल्व्ह 425 थाऊ उघडतो. व्हॉल्व्ह किती उघडतो ती लिफ्ट आणि क्रँकचे किती अंश उघडा राहतो ते ड्युरेशन. कॅटलॉगात ड्युरेशन दोनदा छापलेलं असतं. मोठा आकडा जाहिरातीचा, तो प्रत्येक कंपनी आपल्या सोयीच्या बिंदूपासून मोजते. लहान आकडा टॅपेट 50 थाऊ उचललेला असतानाचा. दोन कंपन्यांचे कॅम शेजारी ठेवायचे तर हा दुसराच पाहावा.

ट्रकांत आणि साध्या गाड्यांत बसणाऱ्या कंपनीच्या जुन्या कॅमचा भाग क्रमांक 3896929, बोलण्यात नुसता '929'. 50 थाऊंवर इनटेक (मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह) 195 अंश, एक्झॉस्ट (जळलेला वायू सोडणारा) 202. लिफ्ट 390 आणि 410. लोब सेपरेशन, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या मध्यांतलं अंतर, 112 अंश. कागदावर अगदी मिळमिळीत दिसतो. पण ट्रक हजार आरपीएमलाच ओढायला लागतो, तो याच मिळमिळीतपणामुळे.

आता असं का होतं ते पाहायचं तर बाकी आकडे बाजूला ठेवून एकच गोष्ट धरावी: इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो. पिस्टन तळाला पोचला की व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. पिस्टन वर निघालेला असतो तरी तो उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत शिरणाऱ्या हवेला इतका वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते, आणि सिलिंडर जास्त भरतो. इंजिन हळू फिरत असेल तर हवेला तो जोर नसतो. मग पिस्टन तीच भरलेली हवा उघड्या व्हॉल्व्हमधून परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत, ढकलतो. पाणी भरून घागर उचलावी आणि निम्म्या वाटेवर ती कलंडावी, तसं. जेवढा व्हॉल्व्ह उशिरा मिटेल तेवढी घागर जास्त कलंडते. कमी आरपीएमवर इंजिन दम धरत नाही ते इथे.

हे आकड्यांत बसवून पाहता येतं, आणि पाहावंच. कॉम्प कॅम्स कंपनीचे हायड्रॉलिक टॅपेटचे तीन जुने, सर्वांना माहीत असलेले कॅम घेऊ: 252 एच, 268 एच आणि 280 एच. 50 थाऊंवर त्यांचं ड्युरेशन अनुक्रमे 206, 218 आणि 230 अंश, लिफ्ट 425, 454 आणि 480 थाऊ. तिघांचं लोब सेपरेशन 110 आणि इनटेकची मध्यरेषा 106 अंशांवर, म्हणजे पिस्टन माथ्यावरून निघाल्यावर इतक्या अंशांनी इनटेक सर्वात जास्त उघडतो. मध्यरेषेत जाहिरातीच्या ड्युरेशनचा अर्धा भाग मिळवायचा आणि 180 वजा करायचे. 252 चा इनटेक तळानंतर 52 अंशांनी मिटतो, 268 चा 60 आणि 280 चा 66 अंशांनी. कनेक्टिंग रॉड 5.7 इंचांचा. त्यावरून काढलं तर व्हॉल्व्ह मिटला त्या क्षणी पिस्टनला वर जायला उरलेलं अंतर येतं 2.98 इंच, 2.81 इंच आणि 2.67 इंच. स्ट्रोक 3.48 चा, पण खरोखर दाबायला मिळतो तो एवढाच.

आता यात कॉम्प्रेशन घाला. जुन्या ट्रकच्या हेडमध्ये ज्वलनकक्ष साधारण 76 सीसीचा. वर चार खाचांचा सपाट पिस्टन, खाचांचे 6 सीसी. पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापेक्षा 25 थाऊ खाली थांबतो, त्याचे 5 सीसी. 41 थाऊ जाड गॅसकेटचे सुमारे 9. बेरीज 96. एका सिलिंडरचं आकारमान 717 सीसी. 717 अधिक 96, भागिले 96, म्हणजे कॉम्प्रेशन साडेआठास एक. कॅटलॉगात पिस्टनपुढे साडेनऊ छापलेलं असलं तर ते कुठल्या हेडवर मोजलंय हे बारीक अक्षरांत शोधावं. नाहीतर काचेची पट्टी, ब्युरेट आणि रंगवलेलं पाणी घेऊन स्वतः हेड मोजावं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि इंजिन बांधणाऱ्यांपैकी निम्मे लोक ते करत नाहीत असं त्यांच्या कॅमच्या निवडीवरून वाटतं.

साडेआठच्या इंजिनात हे तीन कॅम घातले तर व्हॉल्व्ह मिटल्यापासूनचं खरं कॉम्प्रेशन येतं 252 ला 7.4, 268 ला 7.1 आणि 280 ला 6.8. इंजिन तेच, पेट्रोल तेच, पिस्टनही तेच. तिसरा कॅम घातलेला ट्रक दोन हजार आरपीएमच्या खाली पाय दाबला की नुसता श्वास घेतो. चार हजारांच्या पुढे तो जागा होतो, पण ट्रक चार हजारांवर जातो किती वेळा? 280 एच वाईट कॅम नाही. दहाला एक कॉम्प्रेशन, हलकी गाडी आणि उंच आकड्याचा रिअर गिअर (मागचा डिफरन्शियल) असेल तर तो झकास चालतो. साडेआठच्या ट्रकमध्ये त्याची काहीच चूक नसताना तो बदनाम होतो.

कॉम्प्रेशन थोडं वर न्यायचा एक स्वस्त मार्ग आहे: 41 थाऊच्या गॅसकेटऐवजी 15 थाऊचं पातळ पोलादी गॅसकेट. साडेआठचं जवळजवळ नऊ होतं. पण ते गॅसकेट खोल खड्डा माफ करत नाही. ब्लॉक आणि हेड दोन्ही ताजे तासून सपाट केलेले असतील तरच त्याच्या वाटेला जावं.

बाकी गोष्टी कॅटलॉगाच्या बाहेर, ट्रकखाली पडून पाहायच्या. मागचा डिफरन्शियल 3.07 चा आहे की 3.73 चा? 28 इंच उंचीच्या टायरवर ताशी 60 मैलांना 3.07 असेल तर टॉप गिअरमध्ये इंजिन फिरतं 2,200 आरपीएमच्या आसपास, 3.73 असेल तर 2,700. 3.07 आणि मोठा कॅम ही जोडी म्हणजे हायवेवर सतत अर्धवट झोपेत असलेलं इंजिन. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किती आरपीएमला धरतो हेही बघावं लागतं. साधा ट्रकचा कन्व्हर्टर मोठ्या कॅमबरोबर चालत नाही, गाडी गिअरमध्ये टाकताच आयडलिंगला बंद पडायला बघते. आणि पॉवर ब्रेक. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये जो व्हॅक्यूम असतो त्यावरच ब्रेकचा बूस्टर चालतो. चांगल्या जुन्या इंजिनात 18 इंचांच्या (पाऱ्याच्या) वर व्हॅक्यूम असतो, आणि बूस्टरला 15 च्या आसपास तरी हवा. ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, वाढला की व्हॅक्यूम घसरतो आणि ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो. ओव्हरलॅप काढणंही सोपं आहे: जाहिरातीच्या ड्युरेशनमधून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करा. 252 ला 32 अंश, 268 ला 48, 280 ला 60. एवढा वेळ दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे. जळलेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, एखादा ठोका नीट पेटत नाही, आणि सिग्नलला ती फुरफुर ऐकू येते. म्हणजे ज्या आवाजावर जीव जडतो तो हुकलेल्या ठोक्यांचा असतो.

तेव्हा साडेआठ कॉम्प्रेशन, 3.07 किंवा 3.73 डिफरन्शियल, पॉवर ब्रेक, कधीमधी मागे ट्रेलर: अशा ट्रकला 50 थाऊंवर 204 ते 212 अंशांच्या आत राहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. 252 एच त्यात बसतो. एडेलब्रॉक कंपनीचा 2102 हाही बसतो: 204 आणि 214 अंश, लिफ्ट 420 आणि 442, सेपरेशन 112. त्यात एक्झॉस्टला जास्त वेळ दिलाय, आणि जुन्या हेडचे एक्झॉस्ट पोर्ट अरुंद असल्याने ते चालून जातं. 3.73 आणि हाती टाकायचा गिअर असेल तर 212 अंशांचा 260 एच. 268 एच ही हौशीची शेवटची पायरी. तिथे कॉम्प्रेशन नवाच्या पुढे न्यायची तयारी हवी. दोन कॅमांत मन अडकलं तर लहान घ्यावा. मोठा घेऊन पस्तावलेले पुष्कळ असतात, लहान घेऊन पस्तावलेले फार क्वचित.

व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगांचं थोडक्यात. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा साधारण 450 थाऊंपर्यंतच्या लिफ्टला पुरतात, पण पन्नास वर्षं दबून राहिलेल्या स्प्रिंगा बसवायच्या कशाला? कॅमबरोबर त्याच कॅमच्या घ्याव्यात. बसवून व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर रिटेनरच्या खालची बाजू आणि गाइडवरचा सील यांच्यात निदान 50 थाऊ, आणि स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना टेकायच्या आधी 60 थाऊ उरले पाहिजेत. दुहेरी स्प्रिंग असेल तर रन-इनपुरती, म्हणजे नवा कॅम बसेपर्यंतच्या पहिल्या वीस-तीस मिनिटांपुरती, आतली काढून ठेवायची.

सपाट टॅपेट घ्यायचा की तळाला चाक असलेला रोलर, हा आता खरा प्रश्न झालाय. सपाट टॅपेट सपाट नसतोच. त्याच्या तळाला अगदी थोडा, दोन-एक थाऊंचा फुगवटा असतो आणि लोबाला तसाच किंचित उतार. त्यामुळे लोब टॅपेटच्या मध्यावर न घासता कडेला घासतो आणि टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. फिरायचा थांबला की एकाच रेषेत घासून लोब काही मिनिटांत खलास. जुन्या ऑइलमधला जस्त-फॉस्फरस त्या घर्षणाला आड येत असे. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो, म्हणून आजच्या पेट्रोल इंजिनांच्या पातळ ऑइलांत तो 800 पीपीएमच्या आत ठेवतात. 'डिझेलचं ऑइल टाक' हा जुना सल्लाही आता पूर्वीइतका खरा नाही, डिझेल ऑइलच्या सीजे-4 या दर्जापासून तिथेही 1,200 ची मर्यादा आली. रन-इनसाठी खास ऑइल मिळतं, ते वापरावं आणि पुढेही जुन्या इंजिनांसाठीचं जस्त असलेलं ऑइलच चालू ठेवावं.

रोलर घेतला तर ही धाकधूक जाते. मात्र 1987 च्या आधीच्या ब्लॉकमध्ये त्याची सोय नाही. जोडपट्टीचे रोलर टॅपेट लागतात, पुशरॉड आखूड लागतात (सपाट टॅपेटचा पुशरॉड 7.8 इंचांचा असतो), कॅम पुढे सरकू नये म्हणून टोकाला बटण लागतं, आणि पोलादी कॅम असेल तर डिस्ट्रिब्यूटरचा गिअरही त्याला मानवणारा लागतो, नाहीतर तो गिअर झिजून त्याचा भुसा ऑइलमध्ये जातो. खिसा परवानगी देत असेल तर जरूर घ्यावा. परवानगी नसेल तर सपाट टॅपेट अजूनही मरत नाही, तो मारला जातो, आणि बहुधा पहिल्या वीस मिनिटांत.

ती वीस मिनिटं वाया जायची सुरुवात कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. टायमिंग चेन बसवताना दोन्ही गिअरांवरचे बिंदू समोरासमोर आणतात: क्रँकचा वर बाराच्या ठिकाणी, कॅमचा खाली सहाच्या. पिस्टन नंबर एक वर आलेला दिसतो. बसवणारा खूश होऊन त्याच स्थितीत डिस्ट्रिब्यूटर टाकतो आणि रोटर एक नंबरच्या वायरीकडे वळवतो. पण बिंदू असे समोरासमोर असतात तेव्हा पेटायची पाळी सहा नंबरच्या सिलिंडरची असते. फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2, एक आणि सहा बरोबर समोरासमोर. डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा उलटा बसला. मग स्टार्टर मारत राहा, पेट्रोल ओता, पुन्हा मारा, कार्ब्युरेटरमधून भडका येतो, कोणीतरी टायमिंग थोडं फिरवून बघतो, पुन्हा स्टार्टर. दरम्यान लोबांवरची काळी मॉलिब्डेनमची पेस्ट पुसली जात असते. इंजिन शेवटी सुरू होतं तेव्हा कॅम अर्धा गेलेला असतो. बिंदू जुळवल्यावर क्रँक पूर्ण एक फेरा फिरवा, मग एक नंबर खऱ्या अर्थाने पेटायच्या जागी येतो, आणि डिस्ट्रिब्यूटर तेव्हा टाका.

नुसत्या बिंदूंवरही विसंबू नये. प्लगच्या भोकात स्टॉपर बसवून खरा टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टनचं सर्वात वरचं टोक, शोधायचा, क्रँकला अंशांची चकती लावायची, एक नंबरच्या इनटेक टॅपेटवर डायल टेकवायचा. सर्वात वरच्या बिंदूच्या आधी 50 थाऊ आणि नंतर 50 थाऊ, दोन्ही वेळचे अंश लिहून घ्यायचे. समजा 66 आणि 146 आले. बेरीज 212, अर्धे 106. कॅमच्या कागदावर 106 लिहिलेलं असेल तर झालं. 110 आलं तर कॅम चार अंश मागे पडलाय, ट्रक खालच्या आरपीएमला सुस्त राहणार. तीन खाचांचा क्रँक गिअर घेतलेला असेल तर चेन काढून चार अंश पुढे सरकवता येतं. जुन्या इंजिनातून नायलॉनच्या दातांचा कॅम गिअर निघाला तर तो सरळ टाकून द्यावा, आणि त्याचा एखादा दात कमी दिसला तर तो ऑइल पंपाच्या जाळीत सापडेल.

टॅपेट नव्या कॅमवर नेहमी नवेच. तळाला पेस्ट, बाजूंना फक्त ऑइल, नाहीतर भोकात चिकटून फिरत नाहीत. हायड्रॉलिक टॅपेट सेट करताना पुशरॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवत नट आवळायचा, ढिलाई संपली की थांबायचं, मग अर्धा फेरा. त्या अर्ध्या फेऱ्यात रॉकर 21 थाऊ खाली येतो. पुरे. घट्ट केला म्हणजे चांगला असं इथे नसतं, व्हॉल्व्ह लटकून राहतो.

ऑइल पंप ड्रिलने फिरवून आधी सगळ्या सोळा रॉकरांवर ऑइल आणायचं. ड्रिल घड्याळाच्या दिशेने. नुसता लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून चालत नाही, कारण डिस्ट्रिब्यूटरचं धड एका बाजूच्या टॅपेटच्या नळीची वाट बंद करतं. ते नसेल तर ऑइल तिथूनच गळतं आणि वर दाब पोचत नाही. जुन्या डिस्ट्रिब्यूटरचा गिअर आणि मुंडकं काढून त्याचंच हत्यार करावं. ड्रिल चालू असताना दुसऱ्याने क्रँक हाताने पाव-पाव फेरा फिरवत राहायचं.

पेट्रोल कार्ब्युरेटरच्या वाटीत आधीच भरलेलं, पाणी काठोकाठ, टायमिंग जवळपास लावलेलं, दारासमोर मोठा पंखा. इंजिन सुरू झालं की लगेच 2,000 च्या वर. आयडलिंगवर एक क्षण नाही. लोबांना दाबाने ऑइल मिळत नाही, क्रँक फिरताना जे उडतं त्यावरच त्यांचं भागतं, आणि आयडलिंगला ते पुरेसं उडत नाही. शिवाय कमी वेगात लोबाच्या नाकावर स्प्रिंगेचा भार पुरा पडतो. 2,000 आणि 2,500 च्या मध्ये वर-खाली करत वीस ते तीस मिनिटं. कुठे पाणी गळायला लागलं किंवा तापमान चढलं तर बंद करा, दुरुस्त करा आणि राहिलेली मिनिटं पुन्हा त्याच आरपीएमवर पूर्ण करा. 'जरा हळू चालू दे, बघतो काय झालंय' हे वाक्य त्या दिवशी गॅरेजात कोणी बोलू नये.

लोब गेला तर कळतं कसं? एक्झॉस्टचा गेला तर जळलेला वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो इनटेक उघडताच उलटा येतो, आणि कार्ब्युरेटरमधून ठरावीक तालात फट् फट् ऐकू येतं. लोक टायमिंग आणि वायरी तपासत बसतात. इनटेकचा गेला तर तो सिलिंडर नुसता मंद पडतो. रॉकर कव्हर काढून इंजिन हळू फिरवलं की एक रॉकर बाकीच्यांपेक्षा कमी हलताना उघड दिसतो.

रन-इन संपलं की गरम असतानाच ऑइल काढायचं आणि फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उन्हात धरायचा. करडा, बोटाला रेशमासारखा लागणारा गाळ असेल तर ठीक आहे, तो पेस्टचा आणि नव्या पृष्ठभागांचा. चमचमणारे कण असतील आणि लोहचुंबक फिरवल्यावर ते उभे राहिले, तर कॅम काढावा लागणार. त्याबरोबर बेअरिंगाही, कारण ते कण तिथे जाऊन रुतलेले असतात.